दोघांपुरते पत्ते

दोन राउटर एका तारेने जोडायचे म्हटले की दोन्ही टोकांना एकेक आयपी पत्ता लागतो. पत्ते दोनच हवेत, यात कोणालाही शंका नाही. तरीही त्या तारेसाठी केवढा ब्लॉक बाजूला काढायचा, यावर नेटवर्क चालवणारी माणसे गेली पंचवीस वर्षे वाद घालत आली आहेत. उत्तरेही थोडीथोडकी वेगळी नाहीत. कोणी चार पत्त्यांचा ब्लॉक घेतो, कोणी दोनच पत्त्यांचा, कोणी पासष्ट हजारांचा, तर कोणी १८ वर अठरा शून्ये लिहावीत इतक्या पत्त्यांचा. एकाच कामाला सुचवलेल्या मापांत एवढी तफावत असेल, तर माप घेण्याची पट्टीच प्रत्येकाची निराळी असली पाहिजे. माझ्या मते पट्टी एकच असावी: त्या तारेवर बोलणारे किती आहेत. आपल्या गाठीशी पत्ते किती आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा. टंचाई असली तरी उत्तर दोन आणि सुबत्ता असली तरी उत्तर दोनच, कारण ज्या पत्त्यावर कोणीच बसलेले नाही तो पत्ता स्वस्थ पडून राहत नाही. जगातून कोणीही त्या पत्त्यावर पॅकेट पाठवू शकतो आणि राउटरला त्या पॅकेटचे काहीतरी करावेच लागते.

सुरुवात जुन्या आयपीव्ही४ पासून करावी लागते, कारण चांगल्या-वाईट दोन्ही सवयी तिथेच लागल्या. ३२ बिटांच्या पत्त्यातले पहिले काही बिट नेटवर्क सांगतात आणि उरलेले त्या नेटवर्कमधले यंत्र. ब्लॉकच्या नावापुढे तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, मारून लिहिलेला आकडा पहिल्या भागाची लांबी दाखवतो. सबनेटची पद्धत १९८५ मध्ये प्रमाण झाली. १९९३ मध्ये अ, ब, क अशा ठरीव वर्गांचे जोखड उतरले आणि ब्लॉक हवा तसा कापता येऊ लागला. पण प्रत्येक सबनेटचा पहिला पत्ता खुद्द नेटवर्कच्या नावासाठी आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी, म्हणजे ब्रॉडकास्टसाठी, राखून ठेवायचा हा रिवाज कायम राहिला. त्यामुळे दोन राउटरांसाठी सगळ्यात लहान चालणारा ब्लॉक ठरला स्लॅश ३०. पत्ते चार. समजा १९२.०.२.० पासूनचा ब्लॉक घेतला, तर शेवटचा आकडा १ एका राउटरला, २ दुसऱ्याला, ० आणि ३ राखीव. २५६ पत्त्यांतून ६४ तारा निघतात आणि निम्मे पत्ते कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या अभियंत्यांनी हे पाठ केले. परीक्षेतही हेच विचारले जाते. आणि परीक्षेत विचारली जाणारी गोष्ट लवकर बदलत नाही.

डिसेंबर २००० मध्ये आलेल्या, इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतल्या आरएफसी ३०२१ ने या रिवाजाला साधा प्रश्न विचारला. तारेच्या दोन टोकांना दोघेच असतील, तर ‘सगळ्यांना हाक’ कोणाला मारायची? समोर एकच जण आहे. त्याला त्याच्याच पत्त्यावर बोलावता येते. मग ब्रॉडकास्टचा पत्ता नको, नेटवर्कच्या नावाचाही नको, आणि स्लॅश ३१ चे दोन्ही पत्ते दोन टोकांना देता येतात. हा मजकूर लिहिणाऱ्या चौघांमध्ये विन्स फुलर होते, १९९३ च्या वर्गरहित पद्धतीच्या दस्तऐवजावरही ज्यांचे नाव आहे. २५६ पत्त्यांत आता १२८ तारा बसू लागल्या. हे झाले बचतीचे. पण या बदलाचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. १९९८ च्या सुमारास ‘स्मर्फ’ नावाचा हल्ला गाजत होता. दूरच्या सबनेटच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर एक पॅकेट टाकायचे आणि तिथल्या सगळ्या यंत्रांची उत्तरे भलत्याच्याच अंगावर सोडायची, अशी त्याची रीत. ऑगस्ट १९९९ मध्ये राउटरांनी असे पॅकेट मुळात पुढेच पाठवू नये हा नियम झाला. स्लॅश ३१ च्या तारेला या नियमाचीही गरज नाही, कारण गैरवापर करायला तिथे ब्रॉडकास्टचा पत्ताच नाही. जे नाही त्याचे रक्षण करावे लागत नाही. पुढे आयपीव्ही६ मध्ये हाच मुद्दा फार मोठ्या प्रमाणावर येतो.

पण स्लॅश ३१ लोकांच्या गळी उतरला तो टंचाईमुळे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे ब्लॉक वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाच्या एपनिकपाशीही शेवटचा ब्लॉक उरला. आज या विभागात नवी सेवा सुरू करणाऱ्याला नोंदणी संस्थेकडून जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. एखाद्या जिल्ह्याच्या गावी फायबर टाकणाऱ्या छोट्या कंपनीने त्यातून १०० दुवे स्लॅश ३० ने जोडले तर ४०० पत्ते तिथेच संपले. स्लॅश ३१ ने २०० लागतील. एवढा ढळढळीत हिशेब समोर असल्यावर दुसरे कारण शोधायला कोण जातो? त्यामुळे ब्लॉक लहान ठेवायचा तो पत्ते वाचवायला, असे एक समीकरण डोक्यात पक्के बसले. मग आयपीव्ही६ आले, पत्ते उदंड झाले आणि समीकरणाची दुसरी बाजू आपोआप पुढे आली: वाचवायचे कारण उरले नाही, तर ब्लॉक मोठा का नको?

आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. त्याचे मधोमध दोन भाग करायचे, पहिले ६४ बिट नेटवर्कचे आणि नंतरचे ६४ यंत्राचे, हे १९९८ च्या दस्तऐवजात आले आणि २००६ च्या आरएफसी ४२९१ नेही कायम ठेवले. त्यामागे विचार होता. घरातला लॅपटॉप, छपाईयंत्र, दूरचित्रवाणी संच यांनी कोणाला न विचारता आपला पत्ता आपण बनवावा यासाठी ती मोकळी जागा ठेवली आहे. मोबाइलचेही तसेच. आयपीव्ही६ चालू असलेल्या फोनला मोबाइल कंपनी एक अख्खा स्लॅश ६४ देते, म्हणजे एका खिशातल्या यंत्राला सबंध आयपीव्ही४ इंटरनेटच्या चारशे कोटी पट पत्ते. २०१६ नंतर भारतात ही पद्धत इतकी पसरली की इथल्या निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांपर्यंत आयपीव्ही६ पोचले आहे, आणि त्यात गैर काही नाही. फोनमागे उद्या हॉटस्पॉटवर आणखी चार यंत्रे जोडली जातील आणि ती आपापला पत्ता बनवतील. राउटर-राउटरमधल्या तारेवर यातले काहीच घडत नाही. तिथे अनोळखी पाहुणा येत नाही, कोणी आपला पत्ता आपण बनवत नाही, दोन्ही टोके माणसाने किंवा त्याच्या स्क्रिप्टने हाताने लिहिलेली असतात. नियमाचे कारण जिथे नाही तिथे नियम लावला, तर पदरात त्याचे तोटेच पडतात.

तोटे कोणते, ते जवळून पाहू. पहिला तोटा ज्या तारांवर शेजाऱ्याची चौकशी करण्याची पद्धतच नसते तिथला, म्हणजे एसडीएचसारख्या निखळ दोन टोकांच्या जोडणीवरचा. तारेला स्लॅश ६४ दिला आहे, एका टोकाचा शेवटचा आकडा १, दुसऱ्याचा २. बाहेरून कोणी शेवटी ५ असलेल्या पत्त्यावर पॅकेट पाठवले. पहिला राउटर तक्ता पाहतो: हा पत्ता माझा नाही, पण या तारेच्या ब्लॉकमधला आहे, म्हणजे पलीकडे असणार. तो पॅकेट तारेवर ढकलतो. दुसरा राउटर तोच तक्ता, तोच तर्क वापरून ते परत पाठवतो. पॅकेटमध्ये किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा असते, ती जास्तीत जास्त २५५, आणि प्रत्येक फेरीत एकाने कमी होते. म्हणजे एक पॅकेट त्याच तारेवर अडीचशेच्या आसपास फेऱ्या मारून मरते. हल्लेखोराने १० मेगाबिटचा ओघ सोडला तर तारेवर दोन्ही दिशा मिळून अडीच गिगाबिटपर्यंत भार पडू शकतो. यात कोणताही राउटर चुकलेला नाही. ब्लॉकमध्ये दोनच पत्ते असते आणि दोघांचे मालक ठरलेले असते, तर ‘पलीकडे असणार’ हा तर्क खोटा ठरायला जागाच नव्हती.

दुसरा तोटा इथरनेटवरचा, आणि आजच्या बहुतेक तारा इथरनेटच्याच असल्याने तो जास्त महत्त्वाचा. इथे राउटर पॅकेट आंधळेपणाने ढकलत नाही. आधी विचारतो, या पत्त्याचा धनी कोण? उत्तर येईपर्यंत तो शेजाऱ्यांच्या तक्त्यात एक अर्धवट नोंद करून ठेवतो. प्रमाण पद्धतीनुसार एकेका सेकंदाने तीनदा विचारायचे आणि मग नाद सोडायचा. म्हणजे अस्तित्वात नसलेला प्रत्येक पत्ता तक्त्यातली एक जागा सुमारे तीन सेकंद अडवतो. आता कोणी सेकंदाला दहा हजार पॅकेट, प्रत्येक वेगळ्या पत्त्यावर, पाठवू लागला तर तक्त्यात कायम तीस हजार अर्धवट नोंदी राहतील. एवढ्या पॅकेटांना पाच-सहा मेगाबिटची जोडणी पुरते, म्हणजे घरगुती ब्रॉडबँडवरूनही हे जमते. आणि पत्ते संपण्याची भीती हल्लेखोराला नाही, त्याच्यापुढे १८ वर अठरा शून्ये इतका साठा आहे. तक्ता भरला की खऱ्या शेजाऱ्याची नोंद ताजी करता येत नाही, राउटर एकमेकांना मार्ग कळवतात ते बीजीपीचे संभाषण तुटते आणि त्या तारेवरून जाणारे सगळे मार्ग कोसळतात. मार्च २०१२ च्या आरएफसी ६५८३ मध्ये या दुखण्याचे वर्णन आणि त्यावरचे उतारे दिले आहेत. राउटर बनवणाऱ्यांनीही पुढे तक्त्याला मर्यादा घालणे, खऱ्या नोंदींना प्राधान्य देणे असे उपाय केले. पण हे सगळे उपाय पुराच्या पाण्यावरचे आहेत. दोन पत्त्यांच्या तारेवर पूर येत नाही.

इथे एक ऐतिहासिक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सप्टेंबर २००३ मध्ये फिनलंडच्या पेक्का साव्होला यांनी आरएफसी ३६२७ लिहिला. राउटरांमध्ये स्लॅश १२७ वापरणे घातक, असे त्याच्या शीर्षकातच होते. कारण तांत्रिक आणि अचूक होते. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक सबनेटचा शून्य शेवटाचा पत्ता तिथल्या सर्व राउटरांचा सामायिक पत्ता मानला जातो. स्लॅश १२७ मध्ये पत्ते दोनच, शेवटी ० आणि १. म्हणजे एका टोकाला शून्याचा पत्ता द्यावाच लागणार, आणि दुसरे टोक आधी सुरू झाले असेल तर ‘हा सामायिक पत्ता माझाही आहे’ म्हणून तो अडवून बसणार. त्यामुळे अनेक वर्षे स्लॅश १२७ अस्पृश्य राहिला आणि साव्होलांनी सुचवलेले ६४, ११२, १२६ हे पर्याय रूढ झाले. पण त्या आक्षेपाचे स्वरूप काय आहे ते पाहा. लहान ब्लॉक मुळातच वाईट, असे तो म्हणत नाही. एका आडबाजूच्या तरतुदीशी त्याची टक्कर होते, एवढेच म्हणतो. दोघांच्याच तारेवर त्या सामायिक पत्त्याचा उपयोग कोणाला? आयपीव्ही४ मधल्या ब्रॉडकास्टला विचारलेलाच हा प्रश्न, आणि उत्तरही तेच निघाले. एप्रिल २०११ च्या आरएफसी ६१६४ ने राउटरांमधल्या तारांवर स्लॅश १२७ चालवता आलाच पाहिजे असे ठरवले, आणि तिथे तो सामायिक पत्ता बंद ठेवावा असा हुकूम दिला. त्यावर सही करणाऱ्या सहा जणांत रँडी बुश आणि मात्सुझाकी योशिनोबू यांच्यासारखे प्रत्यक्ष नेटवर्क चालवणारे होते, तसेच शेजारी शोधण्याची मूळ पद्धत लिहिणाऱ्यांपैकी थॉमस नार्टनही होते. ज्याने तक्ता आखला त्यानेच तो तक्ता भरू नये म्हणून ब्लॉक लहान ठेवायला संमती द्यावी, याहून भरभक्कम साक्ष मला दिसत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ३६२७ इतिहासजमा झाला. तरीही जुन्या शीर्षकाची धास्ती काही कार्यालयांत अजून टिकून आहे, कारण दस्तऐवज रद्द झाल्याची बातमी दस्तऐवजापेक्षा हळू चालते.

दुसरा आक्षेप असा की फेऱ्या मारणाऱ्या पॅकेटचा बंदोबस्त मार्च २००६ च्या आरएफसी ४४४३ ने आधीच केला आहे. ज्या तारेवरून पॅकेट आले त्याच तारेच्या ब्लॉकमधल्या भलत्या पत्त्याचे ते असेल, तर परत पाठवू नका, असे तो बजावतो. खरे आहे. पण हा नियम पाळायचा तर राउटरने प्रत्येक पॅकेट कुठून आले आणि कुठे चालले याची सांगड घालून पाहिली पाहिजे, आणि जुनी यंत्रे तसे करतील याची खात्री नाही. शिवाय इथरनेटवरच्या तक्त्याच्या दुखण्याला हा नियम शिवतही नाही. तिसरा आक्षेप गाळणीचा: नेटवर्कच्या सीमेवर आपल्या तारांच्या पत्त्यांकडे येणारी पॅकेट अडवली की झाले. अडवावीतच. पण गाळणी कोणीतरी लिहावी लागते, नवी तार आली की वाढवावी लागते, आणि ग्राहकाच्या बाजूने आत येणारा हल्ला ती बहुधा पाहतच नाही. ब्लॉकची लांबी एकदा लिहिली की तिला देखभाल लागत नाही.

तडजोड म्हणून १२६ किंवा ११२ घेणाऱ्यांशी माझे भांडण सौम्य आहे. १२६ मध्ये चार पत्ते, त्यामुळे शून्याला हात न लावता १ आणि २ देता येतात आणि आयपीव्ही४ मधली सवय जशीच्या तशी चालते. ११२ मध्ये शेवटच्या अपूर्णविरामानंतरचा सगळा भाग त्या तारेचा, त्यामुळे वाचायला सोपे. पण १२६ मध्ये शून्याचा सामायिक पत्ता सोडला तरी एक पत्ता बेवारस उरतो आणि पॅकेट फेऱ्या मारायला एक बेवारस पत्ताही पुरतो. ११२ मध्ये तर ६५,५३६ पत्ते आहेत, आणि कित्येक राउटरांचा तक्ता भरायला तेवढे पुष्कळ झाले. वाचायला सोपे जावे म्हणून दिलेली ही किंमत मला जास्त वाटते.

सगळ्यात गंभीर प्रतिपक्ष मात्र वेगळाच आहे. तो म्हणतो, दोन तरी पत्ते कशाला? आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक तारेला तिच्यापुरता स्थानिक पत्ता आपोआप मिळतो, राउटरांना मार्ग शोधून देणाऱ्या ओएसपीएफची तिसरी आवृत्ती त्याच्यावरच चालते, आणि तो पत्ता बाहेरून गाठता येत नसल्याने हल्ल्याचा प्रश्नच मिटतो. नोव्हेंबर २०१४ च्या आरएफसी ७४०४ मध्ये या मार्गाचा जमाखर्च मांडला आहे. माझ्या पट्टीने पाहिले तर हा विरोधक नाहीच, माझ्याच दिशेने एक पाऊल पुढे गेलेला आहे. मी तिथवर जात नाही ते रात्री दोन वाजता फोन आलेल्या माणसाच्या सोयीसाठी. दोन राउटरांमध्ये चार समांतर तारा असतील आणि त्यातली एक पॅकेट गाळत असेल, तर ट्रेसराउटमध्ये कोणत्या तारेवरून पॅकेट गेले ते दिसले पाहिजे, आणि दूर बसून नेमक्या त्या टोकाला पिंग करता आले पाहिजे. स्थानिक पत्त्यांवर हे होत नाही. ट्रेसराउटमध्ये राउटरचा एकच सर्वसाधारण पत्ता दिसतो आणि तार ओळखू येत नाही. दोन पत्त्यांचा खर्च करून ही दृष्टी मिळत असेल तर तो खर्च करावा.

राहिला उद्याचा प्रश्न. आज दोघे आहेत, उद्या मध्ये फायरवॉल आला, तिसरा राउटर आला, तर? इथे सुबत्तेचा खरा उपयोग होतो. प्रत्येक तारेसाठी नियोजनात एक पूर्ण स्लॅश ६४ राखून ठेवावा आणि राउटरवर मात्र त्यातला एकच स्लॅश १२७ लिहावा. सातबाऱ्यावर सगळा तुकडा आपल्या नावे, पाया दोन खोल्यांचा. एका स्लॅश ४८ मध्ये ६५,५३६ स्लॅश ६४ निघतात, आणि सेवा पुरवणाऱ्या कंपनीला मिळणाऱ्या स्लॅश ३२ मध्ये तसे ६५,५३६ स्लॅश ४८. त्यातला एक तारांसाठी वेगळा काढला तर एवढ्या तारा टाकता टाकता कंपनीच्या दोन पिढ्या जातील, आणि सीमेवरच्या गाळणीलाही एकच ओळ पुरेल. तिसरा आलाच तर दोन्ही टोकांचे पत्ते तसेच ठेवून फक्त लांबी बदलायची. आयपीव्ही४ मध्ये स्लॅश ३१ वाढवताना शेजारचा ब्लॉक रिकामा आहे का ते आधी पाहावे लागते. इथे तो कायम रिकामाच असतो. कागदावर उदार आणि तारेवर काटेकोर राहण्यात विरोध नाही, हे नियोजन करणाऱ्यांच्या अजून पुरते अंगवळणी पडलेले नाही. यंत्राला १२७ झेपेल का, ही शंका जुनी झाली. जुलै २०१५ च्या आरएफसी ७६०८ नुसार पॅकेट पुढे पाठवताना १२८ पर्यंतची कोणतीही लांबी राउटरला चालवता आली पाहिजे.

हे मान्य करून कामाला बसणाऱ्याचा पहिला घोटाळा बहुधा आकड्यांत होतो. १ आणि २ ही जोडी बोटांत इतकी बसलेली असते की तीच लिहिली जाते, आणि मग दोन्ही टोके एकमेकांना पिंग करत नाहीत. स्लॅश ३१ असो वा १२७, शेवटचा एकच बिट मोकळा असतो, म्हणून जोडी सम आकड्यापासून सुरू होते: ० आणि १, २ आणि ३. एक आणि दोन हे वेगवेगळ्या जोड्यांमधले पत्ते. आयपीव्ही६ मध्ये त्यातही शेवटचे ६४ बिट सगळे शून्य असलेला पत्ता देऊ नये अशी शिफारस आहे, तेव्हा २ आणि ३ घ्यावेत. इथरनेटच्या टोकावर स्लॅश ३१ लिहिला की काही राउटर ही जोडणी दोघांचीच आहे ना, जपून वापरा, असा इशारा छापतात. इशारा योग्य आहे आणि तो वाचावा, कारण इथरनेटवर स्विच टाकून दहा जण जोडता येतात आणि मग ती दोघांची तार राहत नाही. मुंबईतल्या निक्सी किंवा डी-सिक्स यांच्यासारख्या एक्स्चेंजवर कितीतरी कंपन्यांचे राउटर एकाच सामायिक जाळ्यावर भेटतात. तिथे स्लॅश ६४ च योग्य, आणि तिथला तक्ता सांभाळण्याचे काम गाळणी, मर्यादा आणि ज्याच्या हाती ते जाळे आहे त्याच्या शिस्तीवर सोपवावे लागते.